डोळ्यांची मुदत ठेव

माझा आणि बंदुकीचा संबंध आमच्या बँकेच्या दारापर्यंतच. दारात सुभेदार बसतात आणि त्यांच्या मांडीवर दुनळी बंदूक असते. रोज सकाळी मी नमस्कार करून आत जातो. हा नमस्कार सुभेदारांना असतो की बंदुकीला, हे इतक्या वर्षांत मी नक्की ठरवलेले नाही. एकदा सहज विचारले होते, "सुभेदार, ही भरलेली आहे का हो?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, रिकामी बंदूक नावाची वस्तू जगात नसते. जी रिकामी समजली, तिनंच माणूस मेलं."

मला वाटले, कुठल्यातरी सिनेमातले वाक्य असेल. पण परवा मी ज्या इतिहासात शिरलो, त्याचे हे पहिले कलम निघाले.

त्याचे असे झाले. रात्री साडेनऊला ताईचा फोन. ताईचा फोन साडेनऊला आला की समजायचे, काहीतरी बिनसले आहे. एरवी ती नऊलाच झोपते.

"अरे, फोटो पाठवलाय तुला. बघितलास का? हा तिकडे मिलिटरीत गेला की काय?"

"हा" म्हणजे माझा भाचा. तोक्योत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि एदोगावा वॉर्डात निशी-कसाई भागात राहतो. तिथे इतकी भारतीय मंडळी आहेत, की २०१९ साली योगेंद्र पुराणिक तिथल्या वॉर्डाच्या सभागृहावर निवडूनसुद्धा आले. म्हणजे परदेश असला तरी नळाला पाणी नाही आल्यास ओरडायची सोय आहे! फोटोत भाचेसाहेब हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या कपड्यांत उभे. डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांवर हा मोठा चष्मा, तोंडाला जाळी आणि हातात साक्षात रायफल! खाली लिहिले होते, "मस्त रविवार."

"अगं ताई, परक्या माणसाला मिलिटरीत कोण घेतंय? नोकरीचा व्हिसा आहे त्याचा."

"खेळ आहे म्हणतो. एअरसॉफ्ट का काय. प्लॅस्टिकच्या गोळ्या मारतात म्हणे एकमेकांना. तू जरा माहिती काढ. डोळ्याला काही होत नाही ना, एवढंच बघ."

"एवढंच" हा शब्द तिने अगदी सहज वापरला. पण 'डोळा' हा शब्द ताईने माझ्याशी बोलताना वापरला, की माझ्या पोटात खड्डा पडतो. तो का, ते पुढे सांगतो. सध्या खड्डा तसाच ठेवून इतिहासाकडे वळू.

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहास माझ्याशी दहावीला भांडून वेगळा झाला. पण बँकेत राहून एक खोड लागते. कुठलाही नियम दिसला, की तो कुठल्या भानगडीतून जन्मला हे मागची पाने उलटून बघायचे. आमच्याकडे एकही परिपत्रक उगाच निघत नाही. प्रत्येक परिपत्रकामागे कुणाचे तरी बुडालेले पैसे असतात. खेळांच्या नियमांमागे काय असते, ते मला या निमित्ताने कळले.

हा खेळ जन्मला जपानात, आणि त्याचे कारण म्हणजे तिथे बंदूक मिळत नाही! १९५८ साली जपानने बंदुका आणि तलवारींचा कायदा केला आणि सामान्य माणसाने पिस्तूल बाळगायचा मार्ग जवळजवळ बंदच झाला. आता माणसाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरने गोड बंद केले, की त्याला जिलबीची स्वप्ने पडतात. जपान्यांना पिस्तुलाची पडू लागली. पडद्यावर पाश्चात्य सिनेमांतले हीरो धडाधड गोळ्या झाडत होते. तेव्हा १९६० नंतरच्या दशकात तिथे हुबेहूब दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांची, म्हणजे 'मॉडेल गन'ची लाट आली. या बंदुकीतून गोळी सुटत नसे. फक्त बघायची, पुसायची आणि कपाटात ठेवायची. आमच्या घरच्या चांदीच्या ताटासारखी.

पण हुबेहूब वस्तूची एक पंचाईत असते. आम्ही कॅशियर लोक ती जाणतो. नोट खोटी असली तरी समोरच्याच्या पोटातला गोळा खरा असतो. म्हणून १९७१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. धातूचे नकली पिस्तूल असेल तर त्याची नळी बुजवायची आणि त्याला पांढरा किंवा पिवळा रंग द्यायचा. हे डोके कुणाचे असेल, त्याला माझा सलाम. पिवळे धमक पिस्तूल रोखून "हात वर!" म्हणणारा माणूस दरोडेखोर न वाटता कुल्फीवाला वाटतो.

धातूची अशी दशा झाल्यावर कारागीर प्लॅस्टिककडे वळले. स्प्रिंग मागे ओढायची, सोडली की हवेचा दाब येतो आणि त्या हवेने प्लॅस्टिकची बारीक गोळी बाहेर पडते. या प्रकाराला नाव पडले 'सॉफ्ट एअर'. त्याचेच पुढे उलटून 'एअरसॉफ्ट' झाले. मोठी माणसे रविवारी या बंदुका घेऊन रानात जाऊ लागली आणि दोन पक्ष पाडून लढू लागली. त्या लढाईला ते 'सर्व्हायव्हल गेम' म्हणतात. जपानी माणूस इंग्रजी शब्द पुरा उच्चारण्यात वेळ घालवत नाही, म्हणून त्याचे झाले 'साबागे'. पुढे स्प्रिंगच्या जागी गॅस आला आणि १९९१ साली तोक्यो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक काढली, फ्रेंच फामास रायफलीच्या रूपात. आत इवलीशी मोटर. घोडा दाबून धरला की ती धो धो ओतू लागे.

आणि माणूस म्हटला की ओव्हरड्राफ्ट आलाच. काही दीडशहाण्यांनी या बंदुकांचा जोर वाढवला. २००५ साली तिकडे रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींवर असल्या वाढीव बंदुकांनी गोळ्या मारण्याचे प्रकार घडले, काचा फुटल्या, पोलिसांनी माणसे धरली. मग २००६ साली कायदा आला आणि या गोळीच्या जोराला मर्यादा पडली. सहा मिलिमीटरच्या गोळीला सुमारे ०.९८ ज्यूल. त्याच्या वर गेलात तर ते खेळणे नव्हे. आपल्या बंदुका नियमात बसवायला लोकांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. मुदत हा शब्द वाचून मला फार आपलेसे वाटले.

आता ०.९८ ज्यूल म्हणजे किती? मी खातेवहीच्या मागच्या कोऱ्या पानावर गणित मांडले. शंभर ग्रॅम चहाची पुडी एक मीटर उंचीवरून सोडली, की खाली पोचेपर्यंत तिच्यात बरोबर एवढाच जोर येतो. म्हटलं, हात्तिच्या! चहाची पुडी पायावर पडून आजवर कोण मेले आहे? ताईला फोन लावायला हात पुढे केलासुद्धा. पण कॉमर्सवाल्याने ताळेबंदाची एकच बाजू बघून सही करू नये. दुसरी बाजू मांडली. गोळी वीस शतांश ग्रॅमची, म्हणजे तांदळाचे आठ-दहा दाणे. एवढ्या हलक्या गोळीत तेवढा जोर भरायचा, तर नळीतून सुटताना तिचा वेग पडतो सेकंदाला ९९ मीटर, ताशी साधारण ३५६ किलोमीटर. जपानची सर्वांत वेगवान बुलेट ट्रेन ताशी ३२० किलोमीटरने धावते. म्हणजे तिथली बुलेट ट्रेन बुलेटपेक्षा हळू! आणि चहाची पुडी पसरून पडते. ही गोळी तो सगळा जोर वाटाण्याएवढ्या जागेत उतरवते.

ती जागा पाठ असली, तर लाल टिकला उठतो आणि चार दिवसांत जातो. दात असला, तर तुकडा पडतो. म्हणून तोंडाला जाळी. आणि डोळा असला, तर? बुबुळाच्या मागे रक्त साकळते, आतले भिंग गढूळ होऊन मोतीबिंदू धरतो, पडदा फाटू शकतो. आणि सगळे बरे झाले असे वाटल्यावर वर्षानुवर्षांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो. हे सगळे मला वाचावे लागले नाही. ते मी लहानपणापासून ओळखतो. पण ते पुढे.

गंमत अशी, की डोळे-डोके झाकायची अक्कल माणसाला नेहमी उशिराच येते. १९६२ साली बार्बाडोसला आपल्या नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर ग्रिफिथचा चेंडू आदळला. जीव वाचला, पण कसोटी क्रिकेट संपले ते संपलेच. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९७८ साली, त्याच बार्बाडोसला ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहॅम यालप कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट घालून उतरला, तर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली! तलवारबाजीत तर मुखवटा शे-दोनशे वर्षे जुना. तरीही १९८२ साली रोमला जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले आणि ते सोव्हिएत संघाच्या व्लादिमिर स्मिर्नोवच्या मुखवट्यातून आत गेले. दोनच वर्षांपूर्वी ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेतलेला खेळाडू! तो वाचला नाही. त्यानंतर पाती, मुखवटे, कपडे सगळ्यांचे नियम कडक झाले. परिपत्रक निघाले, पण आधी रक्कम बुडाली.

एअरसॉफ्टचा एक चुलतभाऊ आहे, पेंटबॉल. तो १९८१च्या जूनमध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात पहिल्यांदा खेळला गेला. झाडांवर आणि गुरांवर खुणेचा रंग उडवायची जी पिस्तुले असत, ती घेऊन बारा जण जंगलात शिरले, डोळ्यांवर कारखान्यात घालतात तसले चष्मे. चौघांचे झेंडे गोळा करेल तो... नाही, चूक, चार ठिकाणचे झेंडे जो आधी गोळा करेल तो जिंकला, असा खेळ. जिंकला कोण? रिची व्हाइट नावाचा, जंगलखात्यातल्या कामाचा जाणकार. त्याने संपूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही! गुपचूप गेला, झेंडे घेतले आणि आला. आमच्या बँकेत बढत्या अशाच होतात.

पण दिसणे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेत १९८८च्या कायद्याने खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला भडक नारिंगी रंग आला. २०१४ साली क्लीव्हलंड शहरात एका बारा वर्षांच्या मुलाच्या हातात एअरसॉफ्टचे पिस्तूल होते आणि त्याचा नारिंगी रंग निघालेला होता. पोलिसाची गाडी आली आणि क्षणात खरी गोळी सुटली. मुलगा गेला. बारा वर्षांचा. इथे मी वही मिटून थोडा वेळ गप्प बसलो.

मग भाच्यालाच फोन लावला. पडद्यावर तो आला, मागे वाळत घातलेले ते ठिपक्यांचे कपडे.

"मामा, आईने लावलं ना तुला मागे?"

"आईचं सोड. मला नियम सांग. क्रमवार."

तो हसला, पण सांगू लागला. मैदान तोक्योच्या शेजारी चिबा प्रांतात. सकाळी गेल्याबरोबर प्रत्येकाची बंदूक यंत्रावर लावून गोळीचा वेग मोजतात. जास्त भरली तर त्या दिवशी ती बंदूक खेळत नाही. "ओळखीचा असला तरी?" "मालकाचा भाऊ असला तरी, मामा." मी मनात म्हटले, आमच्याकडे सह्या अशा जुळवल्या असत्या तर!

मैदान आणि विश्रांतीची जागा यांच्यात पक्की सीमा. विश्रांतीकडे येताना आधी मॅगझीन काढायचे. मग जमिनीकडे रोखून एकदा-दोनदा रिकामा घोडा दाबायचा, कारण मॅगझीन काढले तरी एखादी गोळी नळीत उरते. मग खटका बंद. मग नळीच्या तोंडाला टोपी. मला आमच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या आठवल्या. एक माझ्याकडे, एक अधिकाऱ्याकडे. अविश्वास म्हणून नव्हे, तर माणूस विसरतो म्हणून. आणि 'एखादी गोळी नळीत उरते' हे ऐकल्यावर सुभेदारांची मिशी डोळ्यांपुढे आली.

"भिंतीआडून नुसता हात काढून, न बघता मारायचं नाही."

"न बघता सही करायची नाही. पुढे?"

"बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचं नाही, पेट घेऊ शकते. येता-जाता बंदूक बंद पिशवीत. ट्रेनमध्ये तर अजिबात बाहेर नाही."

"आणि चष्मा?"

"तो तर पहिला नियम! मैदानात पाऊल टाकल्यापासून बाहेर येईपर्यंत चष्मा निघणार नाही. खेळ थांबला असला तरी नाही." नंबरचा साधा चष्मा चालत नाही, म्हणाला; काच निखळून उलट तीच आत जायची. चहूबाजूंनी चेहऱ्याला चिकटणारा, पॉलिकार्बोनेटचा हवा. अमेरिकेत अशा चष्म्यांचे झेड ८७.१ नावाचे मानक आहे. त्यात जोराच्या आघाताच्या परीक्षेत अर्धा किलोचे टोकदार वजन १२७ सेंटिमीटरवरून भिंगावर सोडतात. माझ्या चहाच्या पुडीपुढे हे बरे वाटले. नुसत्या तारेच्या जाळीचा चष्मा हवेशीर, पण फुटक्या गोळीचे कण जाळीतून येऊ शकतात.

"मग डोळे जातात ते कुणाचे?"

भाचा जरा थांबला. "धुक्यामुळे, मामा. घामाने काच धूसर होते. दिसत नाही म्हणून माणूस एकच क्षण चष्मा वर करतो. तेवढ्यात कुणी तरी झाडतो. धुकं आलं तर हात वर करून बाहेर यायचं. तिथे चष्मा काढून पुसायचा."

एकच क्षण! आमच्या बँकेतल्या सगळ्या अफरातफरी त्या एकाच क्षणात झालेल्या आहेत.

"आता शेवटचा. गोळी लागली की 'हिट' असं ओरडायचं, हात वर करायचा आणि बाहेर पडायचं. रंग लागत नाही ना पेंटबॉलसारखा. लागली की नाही, हे लागलेल्यालाच माहीत. अंपायर काही करू शकत नाही. सगळा खेळ त्या एका शब्दावर आहे."

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. पण तो शब्द काही खाली ठेवता येईना.

आता तो खड्डा. १९८७ साल. दर रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण. आमच्या वाड्यात एकच टीव्ही, त्याला हार घालून सगळे समोर बसत. भाग संपला की अंगणात आम्हा पोरांचे युद्ध सुरू. कळकाच्या कांबीचे धनुष्य, त्याला सुतळी, आणि खराट्याच्या काड्यांचे बाण. मी आठ वर्षांचा. बरोबर दोघे चुलतभाऊ. बारा वर्षांची ताई जेवायला हाक मारायला अंगणात आली आणि आम्ही तिघांनी एकदमच बाण सोडले. दोन कुठेतरी गेले. एक तिच्या डाव्या डोळ्याला लागला.

"बाण कुणाचा?" वडिलांनी विचारले. तिघेही गप्प. वडिलांनी तिघांना समान हप्त्यांत मारले. ताईला विचारले, तर ती म्हणाली, "मला दिसलं नाही." ती दहा दिवस उशाला उंच करून, डोळ्याला पट्टी बांधून पडून होती. डोळा वाचला. अडतिसाव्या वर्षी त्याच डोळ्याला मोतीबिंदू आला, ऑपरेशन झाले, आणि तेव्हापासून दाबासाठी रोज रात्री थेंब घालावे लागतात. डोळा ही शरीरातली अशी मुदत ठेव आहे, की मुदतीआधी मोडली तर नूतनीकरण नाही. तिची ठेव तिच्या बाराव्या वर्षी मी मोडली होती. आणि पावतीवर सही केली नव्हती.

रात्री फोन लावला.

"ताई, माहिती काढली. घाबरू नकोस. चष्मा चांगला आहे त्याचा, तोंडाला जाळी आहे. फक्त धुकं आलं तरी मैदानात चष्मा काढायचा नाही, एवढं तू त्याला बजाव. तुझं ऐकेल."

"बरं झालं. झोपते मग."

"ताई."

"काय रे?"

"हिट."

"काय?"

"रामायणातला बाण. तो माझा होता."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग ताई म्हणाली, "माहीत आहे. तुझ्या बाणाला गुलाबी लोकर बांधलेली होती. माझ्याच स्वेटरची उसवलेली."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"आठ वर्षांचा होतास रे. आणि मार बसलाच होता की तुला एक तृतीयांश." मग जांभई देत म्हणाली, "ठेव आता. थेंब घालायचेत मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत शिरताना सुभेदारांना नमस्कार केला. त्या दिवशी तो त्यांनाच होता. बंदुकीकडे मी बघितलेसुद्धा नाही. फक्त तिचे तोंड कुठल्या दिशेला आहे, तेवढे पाहून घेतले.